न उकळलेली सुई

शुक्रवार होता. सुट्टी. मेसमध्ये सुरमईचं कालवण केलं होतं आणि त्याचा वास लेबर कॅम्पच्या गेटपर्यंत येत होता. मी आंघोळ करून, धुतलेला लेंगा घालून जेवायला गेलो. दारात आप्पा उभा होता. आप्पा म्हणजे आमचा फोरमन. माझ्याच गावचा, वरच्या वाडीतला.

"तुझा ताट भायेर ठेवलाय," तो म्हणाला.

मला कळलंच नाही. मी विचारलं, "भायेर कुठं?"

त्यानं हनुवटीनं दाखवलं. पायरी. पायरीवर सगळ्यांचे सेफ्टी शूज काढून ठेवलेले. त्या बुटांच्या शेजारी एक फॉइलचं ताट, पार्सलला देतात तसलं. भात, वर कालवण ओतलेलं. बाजूला प्लास्टिकचा ग्लास. त्यातलं पाणी एव्हाना कोमट झालेलं असणार, ऊन तसं होतं.

"खाऊन झाला की सगळा पिशवीत भर, गाठ मार आनि रस्त्यावरच्या ड्रममध्ये टाक. आतल्या बेसिनला हात लावू नको. ह्या लोकांना गावाला पोराबाळा हायत."

आत सगळे बसले होते. चिपळूणचे, खेडचे, दोन साताऱ्याकडचे. एकानंही मान वर केली नाही. रफिक दापोलीचा, माझ्या खोलीतला, माझा दोस्त. त्या दिवशी जेवण त्यानं केलं होतं. म्हणजे ते फॉइलचं ताटही त्यानंच वाढलं असणार. त्याच्या हातात डाव होता आणि तो टोपात बघत होता. टोपात काही हरवल्यासारखा.



पायरीवर बसलो. जेवलो. होय, जेवलो. समोर ट्रकचं यार्ड, रियाधच्या अल सुलै भागात जिकडे बघाल तिकडे असतं तसलं. वाऱ्यानं भातात रेती येत होती. मी रेतीसकट गिळत होतो. आतून आप्पाचं हसणं ऐकू आलं. ते माझ्यावर नव्हतं, दुसऱ्याच कसल्या तरी गोष्टीवर होतं. पण लागलं मलाच.

मग पिशवीला गाठ मारली आणि ड्रममध्ये टाकली. सांगितलं होतं तशीच.

*

मी डक्टचं काम करतो. एसीची थंड हवा ज्या पत्र्याच्या बोगद्यातून जाते तो पत्रा कापायचा, वाकवायचा, वर चढून बसवायचा. रियाधमधल्या कितीतरी इमारतींत माझ्या हातचा पत्रा आहे. छताच्या वर असतो म्हणून कुणाला दिसत नाही.

मागच्या उन्हाळ्यात अंगातली ताकद जायला लागली. उन्हामुळं असेल म्हणून सोडून दिलं. मग डाव्या बरगडीखाली जड वाटायला लागलं. चार घास खाल्ले की पोट भरायचं. पॅन्टचा पट्टा आवळला की आत काहीतरी दबायचं. झोपेत घाम यायचा, एसी चालू असताना बनियन पिळून काढावं इतका. कंपनीच्या दवाखान्यात ॲसिडिटीच्या गोळ्या मिळाल्या. त्या खात राहिलो. एक दिवस शिडीवर चक्कर आली. खाली रफिकनं धरलं म्हणून वाचलो.

आप्पानंच गाडीतून मोठ्या हॉस्पिटलला नेलं. तेव्हा त्याला काळजी होती. खोटं कशाला बोलू? आठवडाभर कामावरून सुटून तो मला नेत होता, आणत होता. सोनोग्राफी झाली. रक्त काढलं. कमरेच्या हाडात जाड सुई घालून आतला मगज काढला.

डॉक्टरीण इजिप्तची होती. मध्यम वयाची, डोक्याला करडा स्कार्फ, बोलणं हळू. ती इंग्रजीत बोलायची आणि केरळची सिस्टर मला हिंदीत सांगायची. मधूनमधून अरबी मला कळायचं. सगळं सांगून झाल्यावर ती सिस्टरला म्हणाली, याला परत सांग, पहिल्यांदा माणसाला ऐकू येत नाही.

मला परत सांगितलं.

तुझ्या रक्तात हेपॅटायटिस सी नावाचा विषाणू आहे. आजचा नाही, फार जुना. पुष्कळ वर्षं तो गप्प असतो. ना ताप, ना दुखणं. पण अंगात पहाऱ्याला असलेल्या पांढऱ्या पेशींना तो दिसत असतो. त्याला मारण्यासाठी त्या वाढत राहतात. तो मरत नाही, त्या थांबत नाहीत. वर्षानुवर्षं हेच. अशा वाढीत कधी एखादी पेशी बिघडते आणि थांबायचंच विसरते. मग तिच्यापासून झालेल्या सगळ्या तशाच. त्या तुझ्या पानथरीत, डाव्या बरगडीखालच्या प्लीहेत, भरल्यात. पानथरी सुजून खाली आलीय, म्हणून तुला जड लागतं. ह्याला लिम्फोमा म्हणतात.

"कॅन्सर है?" मी विचारलं.

सिस्टरनं डॉक्टरणीकडं बघितलं. डॉक्टरीण म्हणाली, "नअम." होय.

मग म्हणाली, विषाणू असलेल्या बहुतेकांना हे होत नाही. तुला झालं. पण तुझा हळू चालणारा आहे. आपण आधी विषाणू मारू. गोळ्या आहेत. तो मेला की ह्या पेशींना वाढत राहायचं कारण उरत नाही. पुष्कळदा तेवढ्यानंच हे मागं फिरतं. नाही फिरलं तर मग कॅन्सरचं औषध.

बाहेर बाकड्यावर आप्पा बसला होता. त्यानं विचारलं, काय झाला? मी सगळं सांगितलं. गावचा माणूस. परमुलुखात पहिल्यांदा दुसऱ्या कुणाला सांगणार होतो?

परतीच्या वाटेवर त्यानं गाडीच्या चारही काचा खाली केल्या. बाहेर भट्टी पेटलेली, एसी चालू, आणि काचा खाली. कॅम्पपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, माणसाला वाईट वाटलंय.

शुक्रवारी कळलं, काय वाटलं होतं ते.

*

पायरीवरच्या जेवणानंतर माझी गादी खोलीतून हलली. वर्कशॉपमागं सामानाची खोली होती. रंगाचे डबे, सिलिकॉनच्या नळ्या, फुटकी हेल्मेटं. तिथं. वेगळी बादली आली. बाथरूमला सगळ्यांचं झाल्यावर जायचं, असं ठरलं. कुणी ठरवलं माहीत नाही, मला फक्त निरोप मिळाला.

डॉक्टरणीनं सांगितलं होतं, ताटातून, ग्लासातून, शेजारी झोपल्यानं हे जात नाही. रक्तातून जातं. दाढीचं ब्लेड आपलं आपण वापर, हात कापला तर लगेच पट्टी बांध. पत्र्याच्या कामात हात कापतातच. मी पहिल्या दिवसापासून पट्ट्या खिशात ठेवत होतो. हे मी आप्पालाही सांगितलं. तो म्हणाला, "ह्ये डॉक्टर लोक सांगत्यात. पन मन मानत नाय."

मन मानत नाही. हे वाक्य मी लहानपणी ऐकलं होतं.

आमची वाडी गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्यापलीकडे. आम्ही बौद्ध. माझी आये वरच्या वाडीत भात झोडायला जायची, आप्पाच्याच घरी. मीही मागं मागं जायचो. झोडणी संपली की आप्पाची आई चहा द्यायची. त्यांच्या लोकांना कपात. माझ्या आयेला करवंटीत. करवंट्या गोठ्याच्या कुडात खोचून ठेवलेल्या असायच्या. आये ती ओढून घ्यायची, पुसायची आणि पुढं करायची. वरून चहा ओतला जायचा. एकदा मी विचारलं, आपल्याला कप का नाय? आप्पाची आई वाईट बाई नव्हती. हसून म्हणाली, "आमचा काय नाय रं बाबू. पन मन मानत नाय."

मी गल्फला आलो तेव्हा ते सगळं मागं टाकलं असं मला वाटलं. इथं सगळ्यांच्या हातात सारखाच इकामा, राहायचा परवाना. कफील, म्हणजे आमचा सौदी मालक, आप्पालाही तशीच हाक मारतो, मलाही तशीच. रमजानात मशिदीबाहेरच्या तंबूत कब्साचा, म्हणजे मटणभाताचा, एकच मोठा थाळा मध्ये, भोवती आम्ही सगळे. आप्पाचा हात आणि माझा हात एका भातात. कितीतरी वेळा. मी आयेला फोनवर सांगायचो, इथं जात नाय गो. आये म्हणायची, बरा झाला.

जात इथं होती. तिला फक्त निमित्त मिळत नव्हतं. माझ्या रक्ताच्या तपासणीनं ते दिलं. आता आप्पाला कुणी जातीवरून वागतो असं म्हणू शकत नव्हतं. तो तब्येतीची काळजी घेत होता.

*

मग ऑफिसमधून बोलावणं आलं. साहेब पुण्याचा. बायको-मुलांसह इथंच राहतो, मोठ्या कंपाउंडमध्ये. मराठी माणसांच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत असतो, आम्ही खुर्च्या लावायला असतो. बोलणं एकदम गोड. मला अहो-जाहो करतो.

"हे बघा, मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय. अशा आजारात माणूस आपल्या माणसांत असावा. तुम्ही राजीनामा लिहा, मी एक्झिट लावतो, कायमचं घरी. खलास. इकाम्याची मेडिकल वगैरे कटकट नको."

"साहेब, औषध सुरू व्हायचंय."

"भारतात सगळं होतं हो. तिकडे काय डॉक्टर नाहीत?"

त्यानं बसायला सांगितलं नव्हतं. टेबलावरचा कागद त्यानं बोटाच्या टोकानं माझ्याकडं सरकवला. मग पेन. मी पेन उचललं. हातात धरलं. म्हटलं, दोन दिवस द्या, विचार करून सांगतो. आणि पेन परत ठेवायला हात पुढं केला.

"नको नको," तो घाईनं म्हणाला आणि खुर्ची मागं गेली. "पेन राहू दे तुमच्याकडेच."

बाहेर येऊन मी ते पेन खिशात घातलं. मग काढलं. मग कळेना त्याचं काय करायचं. निळं, साधं पेन. माझ्या हातानं बाटलेलं.

त्या दिवशी मी मनातून हरलोच होतो. गावाला जाऊ, असं ठरवून टाकलं. जे होईल ते होईल.

*

डॉक्टरणीकडं शेवटचं जाऊन यावं, रिपोर्ट मागून घ्यावेत म्हणून गेलो. टॅक्सीनं गेलो, आप्पा आता न्यायचा नाही. तिला सांगितलं, मी चाललोय.

ती चिडली. पहिल्यांदाच तिचा आवाज चढलेला ऐकला. तिकडे पोहोचशील, कुठल्या रांगेत उभा राहशील, कोण बघेल, किती महिने जातील? गोळ्या मंजूर झाल्या आहेत. आत्ता घे. मग जा कुठं जायचं तिथं.

मी मान खाली घालून बसलो. बोलता बोलता तोंडातून निघालं, "लोग बोलते हैं, गलत काम किया होगा. सुई का नशा, नहीं तो औरत."

सिस्टरनं ते तिला सांगितलं. डॉक्टरीण खुर्ची पुढं ओढून माझ्यासमोर बसली. टेबल मध्ये नव्हतं आता.

ती म्हणाली, मी नाईलच्या काठच्या एका खेड्यातली. आमच्याकडे पाण्यातून होणारा एक आजार होता. माझ्या जन्माआधीपासून त्याच्यासाठी गावंच्या गावं रांगेत उभी करून इंजेक्शनं दिली. काचेची सिरिंज, सुई तीच, नीट उकळायला कुणाला वेळ नाही. आजार बरा झाला, हा विषाणू घरोघर शिरला. माझे वडील, दोन काका. काकांना तुझ्यासारखाच कॅन्सर. त्यांनी कसली नशा केली होती?

मग तिनं विचारलं, "तुमच्या गावात इंजेक्शन कोण द्यायचं?"

मी म्हटलं, कंपाउंडर होता एक. सगळे त्याला डॉक्टरच म्हणायचे.

"सुई कशी उकळायचा?"



मला तो दिसला. सायकल, मागं चामड्याची पेटी. हिवतापाच्या दिवसांत गावात यायचा. वरच्या वाडीत तो ओटीवर बसायचा, चुलीवर पाणी ठेवलं जायचं, स्टीलच्या डबीत सुई आणि सिरिंज खुळखुळत उकळायची. आम्ही पोरं कुंपणापलीकडून तो आवाज ऐकायचो. मग शेवटी तो आमच्याकडं यायचा. वाडीत शिरायचा नाही. ओढ्याजवळच्या जांभळीखाली सायकल लावायचा. आम्ही रांगेनं उभे. आये, बापूस, बहीण, भाऊ, मी, शेजारपाजारचे. एकामागून एक दंड पुढं.

तिथं चूल नव्हती. डबी उकळलेली मला आठवत नव्हती. स्पिरिटचा बोळा आठवत होता. एकाला टोचलं की सुई त्या बोळ्यानं पुसायचा आणि पुढच्याला.

"नहीं उबालता था," मी म्हटलं.

"क्यों?" सिस्टरनं विचारलं, स्वतःच. डॉक्टरणीनं विचारलंच नव्हतं.

हॉस्पिटलच्या बाहेर, पार्किंगच्या सावलीत उभं राहून मी आयेला फोन लावला. इकडचं-तिकडचं काही विचारलं नाही.

"आये, तो सुईवाला डॉक्टर आपल्याकडं सुई उकळायचा काय गो?"

"आता ह्या काय मध्येच?"

"सांग ना."

"नाय बा. कशी उकळनार? उकळायला पानी लागतंय. आपल्या घरचा पानी त्येला चालायचा नाय."

तिनं हे सहज सांगितलं. पाऊस पडला, गाय व्याली, तसं. मग म्हणाली, "तुझ्या बापसानं एकदा तांब्या नेला व्हता गरम पान्याचा, फडक्यानं झाकून. त्यानं लाथेनं सांडलान. का रं इचारतोस?"

मी मागाहून सांगतो म्हणून फोन ठेवला.

माझा बापूस पोट फुगून मेला. पाय सुजलेले, डोळे पिवळे. तो आयुष्यात दारूला शिवला नव्हता. वाडीत कुणी पिऊन आलं तर त्याला बांधावरून परत पाठवायचा. पण त्याच्या मरणानंतर सगळं गाव म्हणालं, चोरून पीत असणार, नाहीतर यकृत असं सडत नाही. तालुक्याच्या डॉक्टरनंही तेच विचारलं होतं, किती प्यायचास रे? तो नाही नाही म्हणत होता आणि डॉक्टर हसत होता. आम्हीही पुढं पुढं गप्प बसायला शिकलो. आमच्या वाडीतली आणखी माणसं तशीच गेली. जांभळीखाली माझ्या पुढं-मागं उभी असलेली. पांडूकाका. सखूआत्या. बाई माणूस, तिलाही गावानं दारुडी केलं.

मी निघताना डॉक्टरीण म्हणाली होती, आज कुणालाच हे सिद्ध करता येणार नाही. मला ते मान्य आहे. माझ्याकडं पुरावा नाही. पण एका माणसाला आमच्या घरचं पाणी चाललं नाही आणि त्या पाण्यावाचून सुई उकळली गेली नाही, एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय आणि आयेच्या तोंडून ऐकलंय. माझ्या पानथरीत जे वाढत होतं ते तिथून चालत आलं असेल तर ते नुसता विषाणू म्हणून आलेलं नाही.

मी पार्किंगमध्ये उभा होतो. रडू आलं नाही. राग आला. बरगडीखालच्या त्या जड गोळ्यापेक्षा जड राग. आणि त्या रागात एक गोष्ट एकदम स्वच्छ दिसली. मी घाण नव्हतो. मी कधीच घाण नव्हतो.

*

पुढच्या शुक्रवारी मी मेसमध्ये गेलो. पायरीवर फॉइलचं ताट होतंच. ते ओलांडलं. आत जाऊन मांडणीवरून स्टीलचं ताट काढलं.

आप्पा उठला. "काय करतोस? भायेर ठेवलाय ना?"

मी टोपातून भात घेतला. कालवण घेतलं. डाव परत जागेवर ठेवला.

"तुला सांगितला ना, बाबा—"

"मी हितंच जेवनार."

"सगळ्यांना लावशील. तुझी अक्कल कुठं गेली? बापूसपन तुझा असाच गेला, दारूनं कुजून. आता तू आनि काय काय करून—"

ताट माझ्या हातात होतं. क्षणभर वाटलं, फेकावं त्याच्या तोंडावर. गरम होतं कालवण. मी ताट खाली ठेवलं. बसलो. खालूनच त्याच्याकडं बघितलं.

"माझा बापूस दारूनं मेला नाय. त्यानं गरम पानी नेला व्हता सुई उकळायला. तुमच्या डॉक्टरनं लाथेनं सांडला. इचार तुझ्या आयशीला, ती वर ओटीवरना बघत असायची. मी घान नाय, आप्पा. मला बाजूला बसवायचा असेल तर जात म्हनून बसव. आजार म्हनून नको. तोंडावर बोल."

एवढंच बोललो. आवाज मोठा नव्हता. पंखा चालला होता त्याचा आवाज येत होता.

आप्पाचं तोंड पांढरं पडलं. तो म्हणाला, "असा काय बी काय बोलतोस?" मग तो आपलं ताट घेऊन बाहेर गेला. त्याच्या मागं साताऱ्याचे दोघं आणि खेडचा एक. बाकीचे बसून राहिले. कुणी घास उचलला, कुणी नुसता चिवडत राहिला. कुणी मला शाबास म्हटलं नाही, कुणी पाठीवर हात ठेवला नाही.

रफिक आला आणि माझ्या बाजूला बसला. त्यानं माझ्या ताटातली सुरमईची तुकडी मोडली आणि तोंडात टाकली. मी त्याला थांबवलं नाही, पण माझ्याकडं त्याला द्यायला हसूही नव्हतं.

"मी वाढला व्हता त्या दिशी भायेर," तो हळूच म्हणाला.

"माहीत हाय," मी म्हटलं.

शनिवारी ऑफिसात गेलो. साहेब तसाच गोड. "मग? ठरलं?"

"मी राजीनामा लिहिणार नाही साहेब. काढायचं तर तुम्ही काढा. का काढताय ते लिहा आणि खाली तुमची सही करा. मी तो कागद डॉक्टरणीला दाखवतो आणि लेबर ऑफिसला नेतो."

"अहो, तुम्ही भलतंच मनावर घेताय—"

"आणि मी तुमच्याकडं आलो की मला बसायला सांगायचं."

मी खुर्ची ओढली आणि बसलो. त्यानं काही लिहिलं नाही. असल्या माणसांना तोंडी बोलायला आवडतं, सही करायला नाही.

इकाम्याची टांगती तलवार होतीच. झोप लागायची नाही. कुठल्या सकाळी बॅग भरायला सांगतील याचा नेम नव्हता. त्या अवस्थेत मी गोळ्या सुरू केल्या. रोज एक, जेवणानंतर, मेसमध्येच, सगळ्यांसमोर पाणी पिऊन.

तीन महिन्यांनी रक्तात विषाणू सापडला नाही. त्यानंतर पुन्हा तपासलं, तेव्हाही नाही. पानथरी उतरली. पट्टा परत जुन्या भोकाला लागायला लागला. डॉक्टरणीनं पोटावर हात दाबून बघितलं, स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाली, मागं फिरलंय. पण गेलंय असं म्हणू नकोस. दर काही महिन्यांनी यायचं. ते परत उठू शकतं. मी म्हटलं, उठलं तर मीही उठेन. सिस्टरनं ते तिला सांगितलं की नाही माहीत नाही.

आप्पानं माफी मागितली नाही. त्यानंतर तो मला काम सांगायचा तेव्हा मधल्या माणसाकडून सांगायचा. आता ऑफिसनं मला दूर हफ्र अल बातिनच्या साइटवर टाकलंय, वाळवंटात, ओळखीचं कुणी नाही. हॉस्पिटलला यायला अर्धा दिवस बसमध्ये जातो. मी येतो.

*

थोरल्या भावाला मी फोनवर सगळं सांगितलं. म्हटलं, वाडीतल्या सगळ्यांची रक्ततपासणी करायची. जांभळीखाली जे जे उभे होते त्यांची आधी. पोराबाळांचीही.

तो म्हणाला, "येडा झालास काय? वाडीला नाव लागंल. पोरींची लग्ना कशी व्हायची? आता कुठं लोक आपल्याकडं चहा प्यायला लागलेत."

मी बहिणीला सांगितलं. ती कुणाला न सांगता गेली आणि तपासून आली. तिच्या रक्तात आहे. आये घाबरतेय, पण तीही जाणार आहे.

भाऊ म्हणतो गप्प बस. साहेब म्हणायचा गप्प निघून जा. आप्पाला मी गप्प पायरीवर बसलेला हवा होतो. बापूस गप्प मेला.

मला या वर्षी रजा आहे. मी वाडीत जाणार. घराघरात जाऊन बसणार, एकेकाचा दंड धरून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेणार. तिथला डॉक्टर हसला तर त्याला विचारणार, का हसलास. गोळ्या नाहीत म्हणाला तर दारात बसणार. आणि ग्रामसभेत वरच्या वाडीसमोर, आप्पाच्या आईसमोर उभा राहून सांगणार, आमच्या वाडीतली माणसं कशानं मेली. पांडूकाका, सखूआत्या, माझा बापूस. एकेकाचं नाव घेऊन.

नाव लागेल. लागू दे. आम्हाला नाव आजवर दुसऱ्यांनीच लावलंय. आता काय झालं ते आम्ही सांगू.